बारकी कुणाला म्हणायचं

माझ्या धाकट्या भावाला दुसरी मुलगी झाली, त्या दिवशी दुपारीच मी नावांची वही काढली. वही नवी नव्हती. सात वर्षांपूर्वी पहिल्या भाचीच्या वेळी घेतलेली, निळ्या पुठ्ठ्याची. आमच्याकडे बाळाचं नाव आत्याने ठेवायचं, आणि आत्या मी एकटीच.

मी नगरला एका शाळेच्या कार्यालयात काम करते. प्रवेशाचे अर्ज, दाखले, हजेरीपटाच्या प्रती हे सगळं माझ्या हाताखालून जातं. त्यामुळे नावांच्या बाबतीत आपल्याला जरा जास्त कळतं असं मला वाटत आलं आहे. एका वर्गात एकाच नावाच्या चार मुली झाल्या की काय होतं, अर्थ न बघता ठेवलेल्या नावाचा अर्थ पोरांना पाचवीत कळला की काय होतं, हे मी रोज बघते. पहिल्या भाचीच्या वेळी मी त्रेसष्ट नावं काढली होती, रकाने आखले होते आणि गाळत गाळत एकावर आले होते. चार अक्षरी, जुनं, संस्कृत, ऐकायला भारदस्त. बारशाला सगळ्यांनी वाहवा केली. त्याच पानावर, त्या नावाच्या खाली, मी पेन्सिलीने त्याची जोडी लिहून ठेवली. पुढेमागे दुसरी झालीच तर.

दोघींची शाळेतली नावं मी इथे लिहीत नाही. ती त्यांची आहेत, आणि पुढे जे झालं त्यानंतर ती चारचौघांत मांडायला मला जरा चोरट्यासारखं होतं.

‘ताई, जोडीचं बघ,’ भाऊ फोनवर म्हणाला. भावजय म्हणाली, ‘मोठीच्या नावाला शोभंल असं काढा, वन्सं.’ मी पाच नावं काढली, पेन्सिलीतलं सगळ्यात वर. पाचही घरच्या ग्रुपवर टाकली. तिघांचे अंगठे आले, मत एकाचंही नाही. माझ्या याद्यांना आमच्याकडे असाच कौल मिळतो.

बारसं रविवारी होतं. शनिवारी संध्याकाळी येते म्हणून कळवलं होतं, पण शाळा सकाळची, काम लवकर आटोपलं आणि माळीवाडा स्टँडवर सोलापूरची गाडी लगेच मिळाली. दोन वाजताच मिरजगावला उतरले. भावाचं पाइप आणि मोटारींच्या सामानाचं दुकान हायवेला लागून आहे, मागे घर, त्याच्या मागे गोठा. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मी बोळातून मागच्या अंगणात गेले.

आई गोठ्याशी उभी होती. माझी भाची पायरीवर बसून पायाला लागलेला चिखल काडीने काढत होती.

‘बारके, दुपटं आन गं दोरीवरचं!’ आई ओरडली.

भाची उठली. तेवढ्यात आतून भावजयीचा आवाज आला, ‘उठली का माझी बारकी? उठली का?’

भाची मध्येच थांबली. आत बघितलं, मग आजीकडे बघितलं. ‘मी का ती?’

‘तूच गं. ती काय दुपटं आनती व्हय?’

मला वाटलं, आज लाडात काहीतरी म्हणत असतील. मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून भाचीला हाक मारली, मी ठेवलेल्या नावाने. ती वळली नाही. पुन्हा मारली, जरा मोठ्याने. ती दोरीवरून दुपटं ओढत राहिली. आईच वळली. मला बघून तिचा चेहरा असा झाला, जसा आमच्या शाळेत अचानक तपासणी आली की शिक्षकांचा होतो.

‘अगं बया, आत्या आली!’ आणि मग भाचीकडे वळून, काठोकाठ भरलेली घागर नेताना पाऊल टाकतात तसं, एकेक अक्षर टाकत तिने ते नाव उच्चारलं. तेव्हा कुठे भाची वळली आणि हसली.

चहा आला. भाऊ दुकानातून आत आला होता. मी विचारलं, ‘बारकी कोण?’

‘आधी चहा घे, ताई.’

‘कधीपासून म्हणताय?’

‘पहिल्यापासनंच,’ भावजय बाळाला थोपटत, माझ्याकडे न बघता म्हणाली.

‘मला न्हाई बाई जमत ते,’ आई म्हणाली. ‘दोनदा जीब आडकती. म्हस धारंला उभी ऱ्हायल्यावर एवढं लांबलचक नाव कुटं घेत बसू?’

‘पण मी येते तेव्हा तर सगळे...’

‘तू यायच्या आदल्या दिवशी आजी पाठ करती,’ भाची म्हणाली. ‘मला समोर बसवून.’

भाऊ एवढा हसला की त्याला ठसका लागला. मग हसू आवरून म्हणाला, ‘तसं नाही ताई. तुझा मान आहे ना. तू ठेवलेलं नाव तुझ्यापुढं कोण मोडणार?’

माझ्या हातातली कपबशी काचेच्या कपाटातली होती. सोनेरी कडेची, पाहुण्यांसाठीची. एरवी ते स्टीलच्या कपातून चहा पितात हे मला माहीत होतं. नावही तसंच कपाटात ठेवलेलं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. ते दाखल्यावर होतं, हजेरीत होतं, वह्यांच्या वेष्टणांवर होतं. सात वर्षं फक्त घरातच नव्हतं. मी रागवायला हवं होतं की हसायला, मला कळेना. मी साखर जास्त झाल्याचं काहीतरी बोलले.

नंतर पडवीतल्या खाटेवर वही उघडून बसले. पहिल्या रकान्याचं शीर्षक होतं, ‘मोठीच्या नावाशी जुळतं का?’ पाचही नावांपुढे बरोबरची खूण. आता ती कोणत्या नावाशी जुळवायची? कागदावरच्या, की हाकेतल्या? मी बारकीच्या शेजारी पाचही नावं लिहून बघितली. एकही शेजारी बसायला तयार नव्हतं. खोडलं. पुन्हा लिहिलं. एरवी अर्ध्या तासात मी अख्ख्या वर्गाचे दाखले तपासते.

भाची येऊन खाटेच्या खुराला टेकून उभी राहिली.

‘आत्या, तू नाव आणलंयस?’

‘पाच आणलीत.’

‘उद्यापासनं तिला तेच म्हणणार सगळे?’

‘म्हणायला पाहिजे.’

‘नक्की?’

माझ्या नावांचं या घरात काय होतं हे मला तासाभरापूर्वीच समजलं होतं, त्यामुळे मी नक्की म्हणू शकले नाही. ‘का गं?’ मी विचारलं.

‘ती आली तवापासनं तिलाच बारकी म्हणतात. कधीकधी मला पण म्हणतात, पण चुकून. मला आता मोठी म्हणतात.’ ती थांबली. ‘मोठे म्हटलं की लगेच काम सांगतात.’

‘तुझं खरं नाव आहे की.’

‘ते शाळेतलं हाय.’ गणवेशाबद्दल बोलावं तसं ती बोलली. त्यात तक्रार नव्हती.

‘मग तुला काय हवंय?’

‘माझं मला.’

मी वही मिटली. मोठीला शोभेल असं नाव शोधायला मी आले होते, आणि मोठीचंच नाव गेलं होतं. ते परत मिळायचा एकच रस्ता मला दिसला. बाळाला उद्या असं नाव मिळायला हवं, की संध्याकाळच्या धारेपर्यंत आईच्या तोंडी ते बसेल. नाहीतर ही दुसरी सुद्धा जन्मभर बारकी राहणार, आणि पहिली ‘मोठे, पाणी आण’ ऐकत राहणार.

मग जे मला येतं तेच मी केलं, चाचणी लावली. आईला गोठ्यापाशी उभं केलं. भाचीला दुकानाच्या मागच्या दारात, वही आणि माझं पेन देऊन. आईने एकेक नाव ओरडायचं. हायवेच्या आवाजातून भाचीला स्वच्छ ऐकू आलं तरच तिने खूण करायची.

‘आगं, लोक काय म्हंतील?’ आई म्हणाली. ‘म्हंतील, म्हातारीच्या घरात पाच पोरी झाल्या येकदम.’

‘ओरड तू.’

‘मृण्मयी’ने सुरुवात झाली. आईचं मुरमई झालं. ‘भेळ मिळंल का तिच्यासंगं?’ दुकानातून भाऊ ओरडला. ‘शाल्मली’चा पुढचा भाग एक ट्रक घेऊन गेला, मागे नुसतं मली राहिलं. तिसऱ्याच्या वेळी म्हैस हंबरली आणि चौथ्याला आई म्हणाली, ‘हे मागल्याहून वाईट.’ भाचीने प्रत्येकापुढे फुली मारली. शाळेत काम करण्याजोगी कडक.

राहिलं पेन्सिलीतलं, मुद्दाम शेवटी ठेवलेलं. मी ते सावकाश सांगितलं. आईने म्हणून बघितलं, अडखळली. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा अर्ध्यात थांबून तिने तोंडाला पदर लावला. हसत नव्हती.

‘तुझ्या मनात लई दिसापासनं हाय का गं हे?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘कालच सुचलं.’ आणि दारात जाऊन भाचीच्या हातातून पेन घेऊन ते मीच खोडलं, पेन तिला परत दिलं आणि गोठ्याशी आले.

यादी संपली. मी कामात अशी रिकाम्या हाताने कधी उभी राहिलेली नाही. ‘मग आता काय?’ असं मी, जिला सगळे ते विचारतात तिने, आईला विचारलं.

आई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मग तिने ट्रक जायची वाटसुद्धा न बघता एक नाव ओरडलं. दोन अक्षरी, साधं, पण कानाला गोड. तिचा आवाज अंगण ओलांडून, दुकानातून, हायवेपर्यंत गेला. दुकानातलं गिऱ्हाईक वाकून मागे बघायला लागलं. भाचीने एवढी मोठी खूण केली की शेजारच्या रकान्यात गेली.

‘हे कुठून काढलंस?’ मी विचारलं.

‘तुझं ठेवायचं म्हनत हुते,’ आई म्हणाली. ‘तुझ्या आत्यानं दुसरं ठेवलं. तिचा मान हुता.’ आणि ती वैरण टाकायला वळली.

चाळीस पंचेचाळीस वर्षं ते नाव तिच्याकडे होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी माझ्या नावाकडे रोज सही करताना बघते. त्या दिवशी ते मला दुसऱ्याच कुणाच्या अर्जावर लिहिलेलं असावं तसं वाटलं. आईने त्या नावाने मला हाक मारली असती तर मी कशी झाले असते, याद्या केल्या असत्या का, असले प्रश्न मला पडत नाहीत. तेव्हा पडले. मोठीच्या शाळेतल्या नावाशी त्याचा काही मेळ नव्हता. ‘मोठीच्या नावाशी जुळतं का’ या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचलं नाही. तो अजून रिकामा आहे.

रविवारी घुगऱ्या झाल्या, पाळणा सजला. मी बाळाच्या कानाशी वाकून कुर्र केलं आणि भावजयीच्या मैत्रिणींनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, जरा मनापासूनच. भाची माझ्या खांद्याला खेटून कान देऊन उभी होती. मी ठरलेलंच नाव सांगते की ऐनवेळी दुसरं, याची तिला खात्री करायची होती. ऐकून तिने मान हलवली, तेव्हा मी सरळ झाले. पेन तिने परत केलं नाही. संध्याकाळी अहिल्यानगरची पाटी लावलेली गाडी आली, कंडक्टर ‘नगर, नगर’ ओरडला आणि मी बसले.

याला आता तीन महिने झाले. मागच्या रविवारी फोन केला.

‘नावानं हाक मारता ना बाळाला?’ मी भावाला विचारलं.

‘मारतो की,’ तो म्हणाला. जरा पटकन म्हणाला.

मागून आईचा आवाज आला, ‘बारके! ए बारके!’

मी फोन कानाशी दाबला. दोघींपैकी कुणाला?

‘आले आजी!’

बाळ अजून हुंकारापलीकडे गेलेलं नाही. तेवढ्याने माझं काम झालं. मग फोन भाचीकडे आला.

‘आत्या, या आठवड्यात आजी दोनदाच चुकली,’ तिने सांगितलं. ‘मागच्या आठवड्यात सहा येळा. मी लिहून ठेवलंय.’

‘शाबास,’ मी म्हणाले, आणि पुढे तिचं नाव घ्यायला गेले. शाळेतलं जिभेवर आलं. ते माझंच, मी दिलेलं, आणि घरात मी सोडून कुणी न घेणारं. दुसरं, बारकी, त्यांचं, आणि ते मला कुणी घ्यायला सांगितलं नव्हतं.

‘आत्या? गेली का?’

‘आहे गं,’ मी म्हणाले. ‘ठेवते गं.’

तेव्हापासून तिच्याशी मी ‘गं’वरच भागवते आहे.