कडी नसलेलं फाटक

भाच्याचा फोन आला तेव्हा मी मौद्याला पॉवर प्लांटमध्ये ड्युटीवर होतो. "मामा, बाबा गेले," एवढंच म्हणाला. रडू यायच्या आधी डोळ्यांपुढे आलं ते त्यांच्या घराचं फाटक... मन कुठे जाऊन अडकेल, सांगता येत नाही.

भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, सशस्त्र पोलिसांत हवालदार होते. गडचिरोलीच्या जंगलात, नक्षलींच्या भागात, एका पुलावरची चौकी त्यांच्याकडे होती. तो पूल दिवसा सरकारचा; अंधार पडल्यावर कुणाचा, ते कुणीच सांगू शकत नसे. वरून लेखी हुकूम होता, सूर्यास्तानंतर फाटक कुणासाठीही उघडायचं नाही. पहाऱ्यावर येणाऱ्याने तो तोंडपाठ म्हणून दाखवायचा, मगच आधीचा जागा सोडणार. असा हा माणूस. निवृत्त होऊन नागपुरात घर बांधलं, तर फाटकाला कडीच लावली नाही! गाई आत शिरून ताईची झाडं खायच्या. एकदा सायकल गेली. मी कुलूप आणि कडी घेऊन गेलो, ती त्यांनी ट्रंकेत टाकली. दिव्याखालीच अंधार, असं मी चिडवायचो आणि तेही हसायचे.

कारण कळलं ते शेवटी, भाऊजी रामदासपेठेतल्या दवाखान्यात असताना. एकदा दिवस मावळल्यावर दोघे भाऊ पुलावरच्या फाटकाशी आले होते. खाटेवर थोरल्याची बाळंतपणात अडलेली बायको, दवाखाना पुलापलीकडे. अशाच एका खाटेच्या आडून शेजारच्या चौकीवर महिन्यापूर्वी गोळ्या सुटल्या होत्या. भाऊजींनी सकाळपर्यंत थांबायला सांगितलं. ते थांबले. उजाडल्यावर फाटक उघडलं, तेव्हा दोघांनी खाट उचलली आणि गावाकडे वळवली.

"हुकूम बरोबर होता गा," भाऊजी म्हणाले. "मीबी बरोबरच होतो. पन थे बाई गेली ना..."

त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तेव्हापासून हा विचार मला थकवतो आहे.

भाऊजींच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या भाच्याने ट्रंकेतली ती कडी काढली. आई आता एकटी राहणार, त्याचंही बरोबरच होतं. ताईने ती त्याच्या हातून घेतली.

"राहू दे गा. कोनी येऊन राहिलं असन त अडन."

संध्याकाळी निघालो तेव्हा अंगणात गाय शिरली होती. मी तिला हाकललं, आणि फाटक पुन्हा सताड उघडं करून ठेवलं.