नानांची खिडकी

मला घरी बाईक दुरुस्तीसाठी शेड टाकायचीये, म्हणून मी पळतच शेजारच्या नानांकडे गेलो. नाना वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेत आणि बोलता बोलता समोरची फळी वितीने मोजत राहतात. त्यांची सुतारकामाची शेड आधी अंगणाच्या पार टोकाला होती. "मशीन घरापासून लांबच बरं," असं ते सगळ्यांना सांगायचे. मग मागच्या वर्षी काकू न्हाणीत पडल्या. त्या हाका मारत राहिल्या, आणि मशीनच्या आवाजात नानांना तासभर काही ऐकूच आलं नाही. काकू आता अंथरुणावरच असतात. नानांनी ती शेड स्वतः पाडली, काकूंच्या खोलीला लागून नवी बांधली आणि मधल्या भिंतीत खिडकी काढली.

मी विचारलं, "नाना, शेड घराला लागून टाकू की लांब?"

त्यांनी मशीन बंद केलं. ते दर थोड्या वेळाने करतातच.

"शेस ना वं?" आहेस ना गं, अशी त्यांनी खिडकीतून काकूंना हाक मारली.

एरवी काकू लगेच खिडकीच्या गजावर चमचा वाजवतात. आज वाजेना. नानांची वीत फळीवर तशीच ताणलेली राहिली.

मग टक्क झालं.

"लागूनच टाक," नाना म्हणाले. माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी.