माझ्या कोकणी नाकाची कीर्ती

मी कोकणात जन्मलो हे खरे. परंतु समुद्रातले मला काहीही कळत नाही, ही गोष्ट मी ऑकलंडमधील आप्तमंडळींपासून अनेक वर्षे लपवून ठेवली. शाळेत जाण्यापूर्वीच मी पुण्यास आलो होतो, आणि होडीत बसलो की मला मळमळते.

गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनवर होड्यांच्या रेडिओवरचे बोलणे ऐकण्याचा माझा स्कॅनर असे. ते यंत्र केवळ ऐकते. त्याला बोलता येत नाही. सकाळी त्यावर होडीवाले एकमेकांना मासा कुठे लागतो आहे ते सांगत, मधूनच हवामानाचा इशारा येई, आणि कुणीतरी आपल्या जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, धक्क्यावरच राहिल्याचे साऱ्या समुद्राला कळवी. मला त्याची नशाच चढली होती.

मग मेहुण्याने होडी घेतली. आज समुद्र कसा वाटतो, असे त्याने मला विचारले. मी अंगणात गेलो, डोळे मिटले, नाक वर केले आणि नुकतेच ऐकलेले सांगून टाकले: वारा दुपारनंतर, मासे बेटापलीकडे. दोन्ही खरे ठरले. पुढे गणपतीच्या आरतीनंतरही लोक प्रसाद हातात धरून मला वारा विचारू लागले. हे कोकणी रक्त, असे मेहुणा अभिमानाने सांगे. मी विनयाने मान खाली घाली; तो विनय सर्वांत खोटा होता.

एका शनिवारी त्याचा फोन आला, तेव्हा स्कॅनर बंद होता. लेकीला घेऊन निघालो आहे, जाऊ ना, असे तो विचारत होता. मी खिडकीतून नाक बाहेर काढले आणि खुशाल जा म्हणालो. चहा घेता घेता स्कॅनर लावला, तर जोरदार वाऱ्याचा इशारा. मेहुण्याने हवामान पाहणे केव्हाच सोडले होते. माझे नाक होते ना! तो फोनही उचलेना. मी पायजम्यातच गाडी काढून बोट क्लब गाठला. तिथल्या स्वयंसेविकेने 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत पायजमा न्याहाळला आणि माझे ऐकून रेडिओचा माइक माझ्या हाती दिला. इतकी वर्षे ऐकले. बोलण्याचे बटण प्रथमच दाबत होतो.

"वारा येतोय, आत्ताच्या आत्ता परत फिर."

"कुठून फिरू, भाऊजी? जरा खिडकीबाहेर बघा."

समोर धक्क्याला होडी अजून बांधलेलीच होती. इंजिन रुसले होते. रेडिओ आता भाचीने बळकावला.

"काका, नाइस पजामाज!"

स्वयंसेविका हसू लागली. खुर्चीत बसून मीही डोळ्यांत पाणी येईतो हसलो. तेवढ्यात मेहुण्याचा आवाज आला. "काय नाक आहे हो तुमचं! ऐनवेळी बरोबर कळलं."

निसटायला इतकी सोपी वाट पुन्हा मिळाली नसती. सारा समुद्र ऐकत होता. मी बटण दाबले.

"नाकाला काही कळत नाही रे. गॅरेजमध्ये स्कॅनर आहे, त्यावर ऐकून सांगत होतो. आज तर तेही न ऐकता तुला जा म्हणालो, पोरगी बरोबर असताना. माझं चुकलं. मला माफ कर."