अन्वरची रजा

त्या सकाळी आम्ही सगळे ऑफिसातल्या कामाच्या भिंतीसमोर उभे होतो. आज कोण काय करणार हे एकेकानं सांगायचं, ही पद्धत अन्वरनंच लावलेली, आणि नेमका तोच आला नव्हता. तेवढ्यात त्याच्या बायकोचा, शबानाचा फोन आला. "ताई, हे उठंनात वो..." आम्ही पोचलो तोवर सगळं संपलं होतं.

शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत बसून आम्ही टॉवेल कारखानदारांसाठी सॉफ्टवेअर करतो. थोडं करायचं, पंधरवड्याला गिऱ्हाइकाला दाखवायचं, तो म्हणेल ते बदलायचं. याला आमच्या धंद्यात अजाइल म्हणतात. ऐकायला छान वाटतं, पण मागण्या रोज बदलू लागल्या की टीम रडकुंडीला येते. नातेपुत्याच्या अन्वरनं त्यावर नियम काढला होता. प्रत्येक काम चिठ्ठीवर लिहून भिंतीवर टाचायचं. नवी चिठ्ठी लावायची तर जुनी एक उतरवायची, तीही मागणाऱ्यानं स्वतःच्या हातानं. आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, शेठ, दर खेपेला चिडायचे. "काढायचं कशाला? हे बी पायजे, ते बी पायजे."

"होईल की शेठ. फक्त काय थांबवायचं ते तुमी सांगा," म्हणत अन्वर टाचणी धरून उभा राहायचा. शेवटी शेठ कुरकुरत एखादी चिठ्ठी उतरवायचे आणि मला हसू आवरायचं नाही.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी अन्वरला हृदयाचं ऑपरेशन लवकर उरका म्हणून बजावलं. त्यानं हिरव्या शाईनं 'रजा' लिहून चिठ्ठी भिंतीवर लावली. त्याच आठवड्यात शेठना माल नगांऐवजी वजनावर पाठवायचा झाला, म्हणजे केलेलं निम्मं काम उलटं फिरवायचं. त्या दिवशी ते एकही चिठ्ठी काढायला तयार होईनात. ते गेल्यावर अन्वरनं भिंत न्याहाळली आणि रजेची चिठ्ठी उचलून खाली, 'नंतर'च्या रकान्यात लावली.

"वेडा आहेस का तू?" मी ओरडले.

"जागा तर करायला पायजे की, ताई," तो हसत म्हणाला.

त्या हसण्याचा मला अजून राग येतो. सगळ्यांना थांबायला शिकवलं, आणि स्वतः मात्र... नंतर दर पंधरवड्याला मी त्या चिठ्ठीवरून भांडले आणि दर वेळी त्यानं चहा मागवला.

परवा शेठ आले. दफनाला आले होते तेव्हा ढसाढसा रडले होते, पण धंदा थांबत नाही, नवी मागणी होतीच. टोकायला आता अन्वर नव्हता, तरी सवयीनं ते स्वतःच भिंतीशी गेले. सगळ्या चिठ्ठ्यांवरून नजर फिरवून खाली वाकले.

"ही लई दिवस पडून दिसतीय. ही काढली तर चालंल की?"

शेठनी चष्मा चढवला, हिरवी अक्षरं वाचली, आणि टाचणीला लावलेला हात हळूच मागं घेतला. मग मागणी न सांगताच गेले.

चिठ्ठी तिथंच आहे. रोज सकाळी उभे राहतो तेव्हा ती बरोबर माझ्यासमोर येते.