गणपतीचं पोट

बाबाराव ढोबळे खमरियाच्या कारखान्यातून रिटायर झाले, तरी घरचा गणपती चतुर्थीच्या सकाळी स्वतःच्याच हातानं घडवायचे. बाजारच्या मूर्तीचं नाव काढलं की त्यांचं डोकं सणकायचं. भर उन्हाळ्यात पाटनच्या आटलेल्या तळ्यातून ढेकळं आणायची, मोरीजवळ पोत्याखाली ठेवायची आणि आदल्या दिवशी भिजवून मोगरीनं कुटून कुटून लोण्यासारखी करायची, ही त्यांची रीत. या वर्षी खांदा धरला होता, म्हणून माती नुसती भिजवली.

पोटासाठी आयताच एक गोल गोळा हाती लागला. बाबारावांनी तो पाटावर बसवला, बेंबीसाठी अंगठा दाबला, आणि पोट हललं.

"इंदिरे! अवं, हे श्वास घेऊन राहिलं!"

"काहून ओरडून राहिले सकाळी सकाळी?" म्हणत त्यांची बायको आली आणि दारातच थिजली. मातीला भेग पडली होती. आत एक डोळा उघडला, मग दुसरा. उन्हाळ्यापासून त्या ढेकळात झोपलेला, फुग्यासारखा टम्म बेडूक बाहेर आला अन् मोरीकडे सरकत गेला.

इंदिराबाईंना हसू फुटलं. "चलो, गेला एकदाचा! आता उरका, भटजी येतील."

बाबारावांचे हात पाटावर तसेच पडून होते. ते कोपऱ्यातल्या मोगरीकडे बघत होते.

"सुपारीच मांड या वर्षी," ते म्हणाले. "आजवर तर मी सारी ढेकळं कुटतच आलो ना."