आत्याबाईंचं हसू

आत्याबाई हसल्या की रागावल्यासारख्या दिसत. वरचा ओठ तेवढा उचलला जाई, ओठांचे कोपरे मात्र जागचे हलत नसत. पाहणाऱ्याला वाटे, ही बाई आता वसकन अंगावर येणार.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मला पाहायला त्या सौंसरहून पांढुर्ण्याला आमच्या घरी आल्या, माझ्या हातचे पोहे खाऊन हसल्या आणि माझ्या आईचा चेहराच उतरला. मला आत ओढून आई म्हणाली, "त्याइले तू पसंत नाही, बाई." तेवढ्यात आत्याबाई स्वतःच स्वयंपाकघरात आल्या.

"पोरगी मले लय आवडली. मी हासूनच राहिली, पण चेहरा माहा आयकत नाही." मग दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलून म्हणाल्या, "हे पाहा, असं हासू हाय माह्यं!" मी ओढणीत तोंड लपवून खुदखुदले. लग्न तिथंच ठरलं.

त्यांना मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा आजार होता. यात शरीराचं रक्षण करणारी शक्तीच उलटते आणि नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. आत्याबाई म्हणत, "बगीच्यात राखणदार ठेवला, तं तो मालकालेच हाकलून राहिला!" सकाळी त्या ठणठणीत असत. दिवस कलला की पापण्या मिटत, आवाज नाकात जाई. संध्याकाळी मामंजी काही लागेलसं बोलले, तर बोटानं पापणी उचलून त्यांच्याकडे बघत. "याचं उत्तर उद्या सकाळी." आणि सकाळी ते मिळेच.

पुढे नागपूरला त्यांची छातीतली, या आजाराला खतपाणी घालणारी थायमस ग्रंथी काढायची ठरली. श्वासाचे स्नायू दगा देतील, अशी डॉक्टरांना धास्ती होती. ऑपरेशनच्या आधी त्यांनी माझा हात धरला.

"भिऊन राहिली काय?"

"हो."

"मी बी. जवळ बस जराशी."

ऑपरेशननंतर घशातली श्वासाची नळी निघाली, तेव्हा त्यांनी आधी मामंजींना जवळ बोलावलं आणि एका जुन्या भांडणाचं उत्तर देऊन टाकलं. सगळा वॉर्ड हसला.

त्यानंतर हळूहळू त्या सुधारल्या. तपासणीच्या रांगेत एकदा तिगावची एक सून भेटली, तोच आजार झालेली. तिची सासू सांगत होती, "लय आळशी हाय." आत्याबाई त्या सासूच्या शेजारी सरकल्या. "आळशी नाही, बाई. थकते ते. सकाळी तिले काम सांग, सांजच्याले तू कर." सासू गाल फुगवून बसली.

मागच्या हिवाळ्यात हृदयविकारानं आत्याबाई गेल्या. कळल्यावर त्या दोघी सासू-सुना भेटायला आल्या. मी ताटं वाढायला घेतली, तर सासूनं माझा हात अडवला.

"थांब, पोरी. हिची गोळी व्हायची हाय. गोळीनं चावाले-गिळाले जोर येते. अर्ध्या घंट्यानं वाढ."

तिनं स्वतःच पिशवीतून गोळी काढून सुनेच्या हातावर ठेवली. मी पाणी दिलं, आणि आम्ही तिघी ताटं झाकून गप्पा मारत बसलो.