फ्रान्सिसकाकांचा कार्बोरेटर भंगारात मी दिला

नवी हायब्रिड घेणं चांगलं की पन्नास वर्षांची गाडी दुरुस्त करून वापरत राहणं? खरं सांगते, मला उत्तर येत नाही. दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतंत, तर दहा मिनिटं बोलले असते... मुद्देसूद.

माझे बाबा साकीनाक्याच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहेत. जुन्या गाड्यांची नाजूक कामं ते घरी आणतात आणि रविवारी गॅलरीत पाट टाकून, सुट्या भागांची पेटी उघडून करत बसतात. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेत नोकरीला. बाबा दुरुस्त करतात त्या जुन्या गाड्या धूर सोडतात, हे मी त्यांना जेवताना ऐकवायचे.

शिमग्याच्या आधी ऑफिसच्या हायब्रिडचा फुटलेला हेडलाइट मी घरी आणला होता. आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत मी भंगार गोळा करायची मोहीम काढली होती, त्यात द्यायला. बाबांनी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"याला स्क्रूच नाय गो. उघडायचा कसा?"

"उघडायचा नसतो बाबा. अख्खा बदलतात."

"मग मेकॅनिक कशाला हवा? टेबलावर बिल फाडणारा बसवा." ते हसले. मी गाडीचं मायलेज सांगितलं...

बाबा शिमग्याला गावी गेले आणि त्याच रविवारी मोहीम झाली. गॅलरी मोकळी करताना मला वाटलं, सुरुवात आपल्याच घरातून व्हायला हवी. आई खाली भजनाला गेली होती. मी पेटीतलं सगळं गोणीत भरलं आणि रिकाम्या पेटीची रील टाकली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी रीलखाली टाळ्या दिल्या होत्या.

भंगारवाल्याने हेडलाइट मात्र परत दिला. काच, प्लॅस्टिक सगळं एकात एक चिकटवलेलं, वेगळं कोण करणार, म्हणाला. पितळ आणि ॲल्युमिनियम आनंदाने घेऊन गेला...

बाबा परत आले, पेटी उघडली आणि बराच वेळ तशीच उघडी धरून बसले. मग एवढंच विचारलं, "कागदाच्या पुड्या होत्या, त्या कुठे ठेवल्यास?"

फ्रान्सिसकाका मरोळच्या गावठाणात राहतात, बाबांचं चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांच्या लेकीचं, रीटाचं लग्न ठरलं होतं. ज्या गाडीतून तिची आई लग्न करून घरी आली, त्याच गाडीतून रीटा चर्चला जाणार होती. त्या गाडीचा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, बाबांनी साफ करायला खोलला होता. एकेक बारीक भाग वेगळ्या पुडीत ठेवायची त्यांची पद्धत आहे.

भंगारवाल्याकडचा माल तोवर भट्टीत गाळायला गेला होता. बाबा कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या दुकानांतून तीन दिवस फिरले. एक मिळाला, पण तो नीट बसेना. गाडी सुरू व्हायची आणि दोन मिनिटांत बंद पडायची.

शेवटी काका आमच्या घरी आले. मी चहा घेऊन बाहेर आले, तेवढ्यात बाबा म्हणाले, "माझ्याच हातून भंगारात गेलं रे."

"तुझ्या हातून? दत्ता, तुझ्या?" काका बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "वय झालं रे आपलं."

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. तोंड उघडायचं होतं... उघडलं नाही. काका गेल्यावर बाबांना विचारलं, असं का सांगितलंत? "तुझं नाव कशाला मध्ये आणू? तू शिकलेली पोर," म्हणाले आणि चपला घालून खाली गेले.

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. रीटा भाड्याच्या नव्या हायब्रिडमधून चर्चला गेली... आवाजसुद्धा झाला नाही. जुनी गाडी मांडवाजवळ फुलं लावून उभी होती आणि लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. एरवी बाबा आधी तिच्या बॉनेटवर हात ठेवून मग काकांना भेटतात. त्या दिवशी ते पार मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

काकांचा पुतण्या सगळ्यांसमोर ओरडला, "दत्ताकाका, तिला हात लावू नका हां! नाहीतर उद्या आख्खी गाडी भंगारात!" मांडवभर हशा पिकला. बाबाही हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

परवा मी एकटी मरोळला गेले. काकांना सगळं सांगितलं. जे बाबांनाही सांगितलं नव्हतं, तेसुद्धा... पुड्यांवर बाबांनी पेन्सिलने 'फ्रान्सिस' लिहिलेलं मी वाचलं होतं. वाचूनही त्या गोणीत टाकल्या. एक धूर सोडणारी गाडी तेवढीच कमी होईल, असं मला तेव्हा वाटलं होतं.

काका म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षांत दत्ता पहिल्यांदा माझ्याशी खोटं बोलला." मग विचारलं, "तेव्हा ट्रे घेऊन तूच उभी होतीस ना?"

"हो," म्हटलं. त्यांनी माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

धुराचं गणित मी अजून मांडतेय, ते कधीतरी सुटेल. पण ज्यावर दुसऱ्याचं नाव लिहिलंय, ते टाकून द्यायचा हक्क मला कुठल्या डिग्रीने दिला होता?

ती रील मी काढलेली नाही. तिच्याखाली सगळ्यात वर आज सकाळी लिहिलंय : ही पेटी माझे बाबा दत्ताराम यांची. आत फ्रान्सिसकाकांच्या गाडीचा कार्बोरेटर होता. तो बाबांनी हरवला नाही, मी टाकला. लिहिल्यावर त्याची लिंक मी सगळ्यात आधी त्या पुतण्याला पाठवली.